पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर खाज सुटली तर काय करावे

पापणीची शस्त्रक्रिया झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस रुग्णाची तक्रार सूज, ताण आणि बधिरपणा यांची असते. खाजेची फारशी नसते. सूज उतरू लागली, टाक्यांवरची ओल सुकली आणि पापणीला पुन्हा संवेदना येऊ लागली की खाज सुरू होते, आणि बहुधा पहिला आठवडा संपत आला की ती चांगलीच जाणवू लागते. घरच्यांना आता सारे ठीक झाले असे वाटते, चौकशीला येणाऱ्यांची वर्दळ ओसरते, रुग्ण स्वतःही थोडा निर्धास्त होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याचा हात नकळत डोळ्याकडे जाऊ लागतो. लोंबणारी त्वचा काढून टाकणारी ब्लेफरोप्लास्टी असो, खाली उतरलेली पापणी उचलण्याची टोसिसची शस्त्रक्रिया असो, की आत वळून बुबुळाला केस टोचवणारी पापणी सरळ करण्याची असो, हा क्रम थोड्याफार फरकाने सारखाच असतो.

या खाजेवर एकच एक औषध नाही, कारण ती एकाच प्रकारची खाज नाही. जखम भरतानाची खाज, टाक्यांची आणि खपल्यांची खाज, कोरड्या पडलेल्या डोळ्याची चुरचुर, मलमाची किंवा चिकटपट्टीची ॲलर्जी आणि मुळातच असलेली हंगामी ॲलर्जी, हे सारे रुग्ण ‘खाज येते’ एवढ्याच शब्दांत सांगतो. पण त्यांचे उपाय वेगवेगळे आहेत आणि एकीवरचा उपाय दुसरीला बाधूही शकतो. म्हणून औषधाच्या दुकानात जाऊन खाजेचे थेंब मागण्यापूर्वी दोन गोष्टी नीट पाहाव्यात: खाज नेमकी कोठे आहे, आणि ती केव्हा वाढते. डॉक्टरांना फोन केला तरी तेही प्रथम हेच विचारणार आहेत.

आधी हात आवरणे

पापणीची त्वचा ही शरीरातील सर्वांत पातळ त्वचा असून तिची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी असते. तिच्यावरचे टाके केसासारख्या बारीक धाग्याचे असतात आणि ते साधारणतः ५ ते ७ दिवसांनी काढतात. परंतु टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असे नव्हे. चोळल्याने जखमेच्या कडा उसवू शकतात, खालची बारीक रक्तवाहिनी फुटून उतरत आलेला काळेनिळेपणा पुन्हा वर येऊ शकतो, नखांतील जंतू आत शिरू शकतात आणि टाक्याच्या धाग्याचे टोक बुबुळावर ओरखडा काढू शकते. शिवाय चोळून खाज शमतही नाही. त्वचेतील मास्ट पेशींमधून हिस्टामिन नावाचे द्रव्य सुटल्यामुळे खाज येते आणि चोळण्याने त्याच पेशी डिवचल्या जाऊन आणखी हिस्टामिन सोडतात. त्यामुळे क्षणभर बरे वाटते आणि पाठोपाठ खाज दुप्पट होऊन येते.

केवळ निश्चयावर विसंबून हात आवरत नाही. त्याला आडकाठी लागते. नखे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच अगदी बारीक कापून घ्यावीत. दिवसा साधा, बिननंबरचा का होईना, चष्मा घालून बसावे, म्हणजे सवयीने वर गेलेले बोट काचेला लागते आणि माणूस भानावर येतो. झोपेत चोळण्याची सवय असल्यास डॉक्टरांकडून छिद्रे असलेली प्लास्टिकची वाटी मागून घ्यावी आणि ती रात्री डोळ्यावर लावावी. ही वाटी कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकली पाहिजे, पापणीवर नव्हे. उशा वाढवून डोके आणि छाती उंच ठेवून झोपल्यास सूज कमी राहते, आणि सूज कमी तेवढी त्वचेची ओढ व खाजही कमी.

तातडीचा आणि सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे गारवा. थंडीने त्वचेतील संवेदना काही काळ मंदावते आणि रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. बर्फाचा चुरा प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे, पिशवी स्वच्छ, कोरड्या सुती रुमालात गुंडाळावी आणि डोळे मिटून पापणीवर अलगद टेकवावी, दाबू नये. १० मिनिटे पुरे. मग तेवढाच किंवा त्याहून अधिक वेळ विश्रांती द्यावी. बर्फ थेट त्वचेला लावू नये, कारण बधिर पापणीला थंडीने होणारी इजा जाणवत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत गार पिशवीवर पाहता पाहता पाणी सुटते आणि रुमाल ओला होतो. टाके कोरडे ठेवायला सांगितले असेल तर जवळ दोन-तीन रुमाल ठेवून ते बदलत राहावे. पापणीला काहीच टेकवायचे नाही अशी सूचना असेल, तर गार पट्टी कपाळावर ठेवली तरी काहीसा आराम पडतो. गरम शेक मात्र पहिल्या दिवसांत मनानेच सुरू करू नये. उष्णतेने सूजही वाढते आणि खाजही.

खाज टाक्यांच्या रेषेवर असेल तर

बोटाने न शिवता आरशात पाहावे. रेषेवर पिवळसर किंवा तपकिरी खपल्या धरल्या असतील आणि खाज तेवढ्याच जागेत असेल, तर बहुतेक वेळा काम स्वच्छतेनेच भागते. हात साबणाने धुऊन, निर्जंतुक सलाइनमध्ये किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात गॉझचा तुकडा भिजवावा आणि पिळून तो खपलीवर मिनिटभर नुसता टेकवून ठेवावा. खपली मऊ झाली की ओली केलेली कापसाची काडी नाकाच्या बाजूने कानाच्या बाजूकडे रेषेवरून फिरवत न्यावी. घासायची नाही, लाटणे फिरते तशी गोल फिरवायची. जी खपली सुटत नाही ती राहू द्यावी, संध्याकाळी पुन्हा पाहावी. दुसऱ्या डोळ्यासाठी नवा गॉझ आणि नवी काडी घ्यावी. मोकळा कापूस वापरू नये, त्याचे तंतू टाक्यांत अडकतात आणि तेच पुढे टोचत राहतात. सलाइनची बाटली फोडली की ती दिवसभरापुरतीच समजावी. फोडलेली बाटली आठवडाभर फ्रिजच्या दारात ठेवून वापरण्याची आपल्याकडची काटकसर येथे कामाची नाही. विहिरीचे किंवा टाकीचे पाणी थेट डोळ्यांवर मारणे तर पूर्ण वर्ज्य आहे.

स्वच्छता झाल्यावर, सांगितले असल्यास, डोळ्यांचे मलम तांदळाच्या दाण्याएवढे घेऊन रेषेवर पातळ पसरावे. जखम किंचित ओलसर राहिली की खपल्या कमी धरतात आणि त्वचा ताणल्यासारखी वाटत नाही. एखादे टोक सुईसारखे टोचत असेल, तर तो बहुधा धागाच असतो. तो घरी कात्रीने कापू नये आणि ओढून तर मुळीच काढू नये. दवाखान्यात ते टोक छाटणे हे मिनिटभराचे काम आहे. विरघळणारे टाके घातले असतील तर ते विरताना थोडी लाली आणि खाज येणे अपेक्षितच असते.

खाज डोळ्याच्या आत असेल तर

वाळूचा कण गेल्यासारखे वाटणे, संध्याकाळी किंवा मोबाइल पाहताना चुरचुर वाढणे, सकाळी उठताना डोळा चिकटणे आणि मधूनच भळाभळा पाणी येणे, ही सारी कोरडेपणाची लक्षणे आहेत. पाणी वाहणारा डोळा कोरडा कसा, असा प्रश्न स्वाभाविकच पडतो. पृष्ठभाग कोरडा पडून डिवचला गेल्यामुळेच डोळा एकदम पाणी सोडतो. शस्त्रक्रियेनंतर काही काळ पापणी पूर्ण मिटत नाही, उघडझाप अर्धवट होते आणि झोपेत डोळ्याची बारीक फट उघडी राहते. आपली हवा कितीही दमट असली तरी डोक्यावर गरगरणारा पंखा आणि रात्रभर चालणारा एसी हा ओलावा उडवून नेतो. पंख्याचा झोत पायांकडे राहील अशी खाट फिरवावी, एसीचे वारे तोंडावर येऊ देऊ नये आणि वाचताना किंवा मोबाइल पाहताना ठरवून, सावकाश, पूर्ण डोळे मिटावेत.

यावरचे औषध म्हणजे कृत्रिम अश्रू. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज असलेले थेंब आपल्याकडे सर्वत्र मिळतात. घेताना मात्र प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागावेत. अनेक बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे जंतुरोधक घातलेले असते आणि ते वारंवार पडत राहिले तर त्यानेच डोळा चुरचुरतो. असे थेंब दिवसातून ४ वेळांपेक्षा अधिक घालू नयेत. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले त्याहून अधिक वेळा घालता येतात. रात्री झोपताना दाट जेल किंवा वंगणाचे मलम सांगितलेले असल्यास ते घालून सरळ अंथरुणावर जावे, कारण त्यानंतर काही वेळ धूसर दिसते.

थेंब घालण्याची नेहमीची रीत, म्हणजे पापणी खाली ओढून आत थेंब सोडणे, ही शस्त्रक्रिया झालेल्या पापणीला चालत नाही, विशेषतः खालच्या. रुग्णाने उताणे झोपून डोळे मिटावेत. घरच्या माणसाने बाटलीचे टोक कशालाही न लावता नाकाजवळच्या कोपऱ्यात एक थेंब सोडावा. मग रुग्णाने मान न हलवता दोन-तीनदा डोळे उघडमिट करावेत. थेंब आपसूक आत उतरतो. वर ओघळलेले टिपायचे ते गालावर, पापणीवर नव्हे. एकाहून अधिक थेंब असतील तर मध्ये ५ मिनिटे जाऊ द्यावीत आणि मलम नेहमी सर्वांत शेवटी घालावे. थेंब फ्रिजमध्ये गार करून घातल्यास खाजेला अधिक आराम पडतो, फक्त बाटलीवरील सूचनेत त्याला मनाई नाही ना, हे पाहून घ्यावे.

खाज पसरत चालली असेल तर

जखम भरतानाची खाज दिवसागणिक कमी होत जाते. ती वाढत असेल, लाली टाक्यांच्या रेषेपलीकडे जेथवर मलम लावले जाते तेथवर पसरली असेल, त्वचेवर बारीक पुरळ किंवा पाणीदार फोड दिसत असतील, तर मलमाचीच ॲलर्जी आली असण्याचा संभव मोठा आहे. प्रतिजैविक मलमांतील निओमायसिन यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. अशा वेळी खाज वाढली म्हणून रुग्ण मलम आणखी जाड थापतो आणि त्रास आणखी वाढतो. डॉक्टरांना फोन करून, शक्य असल्यास उजेडात काढलेले छायाचित्र पाठवून, मलम बदलून घ्यावे. लाली चिकटपट्टीच्या आकाराचीच, चौकोनी, कडा स्पष्ट असलेली असेल तर दोष पट्टीचा समजावा आणि कागदी पट्टी मागावी.

गोव्यात आणखी एक कारण संभवते आणि ते सहसा कोणी विचारत नाही. साधारणपणे मार्च ते मे हा काजूचा हंगाम. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत घरोघरी बोंडू, म्हणजे काजूची फळे, वेचणे आणि पिळून बी वेगळी करणे चाललेले असते. काजूच्या बीच्या टरफलात दाहक तेल असते. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातील झाडे आहेत आणि आंब्याच्या देठाच्या चिकानेही पुष्कळांना अंगावर उठते. घट्टे पडलेल्या तळहातांना या तेलाचे काही वाटत नाही, परंतु त्याच बोटांनी पातळ पापणीला हात लावला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पापणी सुजून, लाल होऊन खाजू लागते आणि साऱ्यांना वाटते की शस्त्रक्रिया बिघडली. त्यामुळे रुग्णाने स्वतः तर नाहीच, पण त्याला थेंब घालणाऱ्या सुनेने, मुलाने किंवा पत्नीनेही बी हाताळली असल्यास साबणाने दोनदा हात धुतल्याशिवाय औषधाला हात लावू नये. शक्य असेल तर शस्त्रक्रियेची तारीखच हंगाम टाळून घ्यावी. निकड नसलेल्या शस्त्रक्रियेला एवढे स्वातंत्र्य असते.

याच दिवसांत पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी करायच्या साठवणीची, तयारी असते. मिरच्या वाळवणे, निवडणे, कुटणे या कामांपासून रुग्णाला दोन-तीन आठवडे दूर ठेवावे. चुलीचा धूर, उदबत्ती, नरकासुराच्या रात्रीचे फटाके, शिगम्याचा गुलाल आणि खनिजाच्या वाहतुकीमुळे काही रस्त्यांवर उडणारी तांबडी धूळ यांचेही तसेच. दुचाकीवर बसणे भागच असेल तर काच खाली केलेले हेल्मेट हवे, मात्र ते घालता-काढताना पापणीला घासणार नाही हे पाहावे.

पावसाळ्यात अडचण वेगळी असते. कपडे वाळत नाहीत, टॉवेलला कुबट वास येतो, भिंतींवर बुरशी धरते आणि गाद्या-उशांतील धूलिकीटकांना दमटपणा मानवतो. दोन्ही डोळे सारखेच खाजत असतील, शस्त्रक्रिया एकाच डोळ्याची असतानाही दुसरा खाजत असेल, सोबत शिंका आणि नाक गळणे असेल, तर ती जुनी ॲलर्जीच जागी झाली आहे असे समजण्यास हरकत नाही. उशीचा अभ्रा एक दिवसाआड बदलावा, तोंड पुसण्याचा रुमाल इस्त्री करून पूर्ण कोरडा झाल्यावरच वापरावा. ॲलर्जीच्या थेंबांत ओलोपाटाडिन किंवा किटोटिफेन असते आणि ते उपयोगी पडतात, परंतु ताज्या जखमेच्या काळात ते सुरू करावेत की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावे. सेट्रिझिनसारख्या गोळीने त्वचेची खाज कमी होते, रात्रीची झोपही लागते. पण अशा गोळ्यांनी डोळ्यांचा कोरडेपणा वाढू शकतो, म्हणजे आतल्या चुरचुरीवर त्या घेतल्या तर उलटाच परिणाम व्हायचा.

काय घालू नये

शेजारच्या काकू गुलाबपाणी सुचवतात, कोणी एरंडेल, कोणी मध, कोणी आईचे दूध. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, परंतु यांपैकी काहीही निर्जंतुक नसते आणि उघड्या जखमेला ते चालत नाही. काजळ आणि सुरमाही टाळावा. यापेक्षा मोठा धोका औषधाच्या दुकानातला आहे. स्टिरॉइड मिसळलेली खाजेची मलमे आणि थेंब आपल्याकडे चिठ्ठीशिवायही सहज हाती पडतात, त्यांनी खाज झटपट थांबते, आणि म्हणूनच ती पुन्हा पुन्हा वापरली जातात. देखरेखीविना त्यांचा वापर झाल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो आणि दबलेला जंतुसंसर्ग पसरू शकतो. डॉक्टरांनी स्टिरॉइड लिहून दिले असेल तर ते सांगितले तितकेच दिवस घालावे. उरलेली ट्यूब पुढच्या खाजेसाठी राखून ठेवू नये. डोळ्यांची लाली घालवणारे थेंबही नकोत, त्यांचा असर उतरला की लाली अधिक जोराने परतते. पापणीवर लावायच्या ट्यूबवर ती डोळ्यांसाठी असल्याचे छापलेले असलेच पाहिजे.

खाज नव्हे, धोका

खाजेच्या जागी ठणका आला की घरगुती उपाय थांबवावेत. लाली, सूज आणि गरमपणा वाढत जाणे, पू येणे, ताप, उजेड सहन न होणे किंवा जखमेची कड उघडी दिसणे, यांसाठी त्याच दिवशी दाखवावे; मधुमेह असलेल्यांनी यात जराही दिरंगाई करू नये. आणि एका डोळ्यात एकाएकी तीव्र वेदना, पापणी दगडासारखी ताठ होणे, डोळा पुढे आल्यासारखा दिसणे किंवा नजर कमी होणे, ही डोळ्यामागे रक्तस्राव झाल्याची चिन्हे असू शकतात. हा प्रकार विरळा असून बहुधा पहिल्या २४ तासांतच होतो, परंतु त्यात तासाभराचा उशीरही दृष्टी घालवू शकतो. डॉक्टर भेटेपर्यंत वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. काणकोण, पेडणे किंवा पलीकडच्या दोडामार्गाहून बांबोळी जवळ नाही. अशा गावच्या रुग्णाने पहिली रात्र शहरातल्या नातलगाकडे काढणे शहाणपणाचे, आणि रात्रीच्या वेळी कोणता क्रमांक लावायचा हे घरी सोडण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

तपासणीला जाताना घरातील सारे थेंब, मलमे आणि गोळ्या, स्वतःहून आणलेल्यांसह, एका पिशवीत घालून न्याव्यात. ‘पांढऱ्या झाकणाचे औषध’ एवढ्या वर्णनावरून ॲलर्जीचे कारण सापडत नाही.

टाके निघाल्यानंतरही व्रणावर अधूनमधून हलकी खाज काही आठवडे, क्वचित काही महिने येत राहते. तुटलेल्या बारीक मज्जातंतूंची वाढ पुन्हा होत असते. या टप्प्यावर व्रण कोरडा पडू न देणे महत्त्वाचे असते. सिलिकॉन जेल किंवा बोटाने हलके मर्दन केव्हा सुरू करायचे हे डॉक्टर व्रण पाहून सांगतात. उन्हाने ताजा व्रण काळवंडतो आणि चुरचुरतो, तेव्हा बाहेर पडताना रुंद काडीचा गॉगल आणि टोपी हवी. समुद्रात किंवा तलावात उतरणे, कॉन्टॅक्ट लेन्स आणि डोळ्यांचा मेकअप यांची परवानगी प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी मिळते. ती मिळाल्यावरही काजळाची आणि मस्काऱ्याची जुनी कांडी फेकून नवीच वापरावी, आणि ते काढताना पापणी चोळावी लागणार नाही असे, कोमट पाण्याने सुटणारे निवडावे.